नऊ निळ्या वह्या

१

खण ओढला तेव्हाच भाऊजींना कळलं. कपाटाचा खालचा खण रोज दोन्ही हातांनी ओढावा लागायचा. गुरुवारी दुपारी तीन वाजता तो एका बोटाने पुढे आला. आत एक डांबराची गोळी तेवढी घरंगळली.

नऊ वह्या होत्या त्यात, निळ्या कापडी पुठ्ठ्याच्या, प्रत्येकी चाळीस पानांच्या. भाऊजी सव्वीस वर्षं मालवाहू बोटींवर बिनतारी संदेशांचं काम करायचे. दहा-दहा महिने घरी नसायचे. बंदराला उतरले की बायकोसाठी त्या बंदराचं वर्णन लिहून ठेवायचे आणि घरी परतले की तिला वाचून दाखवायचे. आता भाऊजी अठ्ठ्याहत्तरचे, आणि बायको सगळं विसरलेली. घर विसरली, मुलाला विसरली, आपण जेवलो की नाही तेही विसरली. मात्र दुपारी तीनला निळी वही हातात धरून भाऊजी वाचायला लागले, की दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला तिचा चेहरा पालटायचा. "कधी आलात?" म्हणायची. मग अर्धा तास ती त्यांची बायको असायची. या अर्ध्या तासाखेरीज आपल्याला जगण्यात काही राम उरलेला नाही, असं भाऊजी उघड बोलून दाखवायचे.

त्या दिवशी त्यांनी पाठ होतं तेवढं म्हणून पाहिलं.

"वही कुठे आहे?" ती म्हणाली. "वही त्यांच्याजवळ असते. तुम्ही कोण?" आणि तिने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

भाऊजी बाहेर आले. संध्याकाळी मेहुणीला फोन लावला. "पडताळणी, ये," ते म्हणाले. "वह्या गेल्या. आणि सूनबाईला चोर सापडलाय."

२

पडताळणी हे भाऊजींनी दिलेलं नाव. बाकी घराची ती मावशी, ताईची म्हणजे भाऊजींच्या बायकोची धाकटी बहीण. चौतीस वर्षं तिने सार्वजनिक वाचनालयात काढली होती आणि दर वर्षी ग्रंथपडताळणी तिच्याच गळ्यात पडायची. म्हणजे नोंदवहीतलं एकेक पुस्तक फळीवर आहे की नाही ते बघत फिरायचं. त्यातून ती एक गोष्ट शिकली होती. हरवलेलं पुस्तक क्वचितच इमारतीबाहेर जातं. ते भलत्या फळीवर असतं, आणि तिथे ते आपल्या पायांनी गेलेलं नसतं.

शुक्रवारी सकाळी ती आली तेव्हा घर तिलाही ओळखू येईना. दिवाणखान्याचा कुठल्यातरी बुडालेल्या साम्राज्याचा दरबार झाला होता. प्लॅस्टरचे खांब, मखमली पडदे, आणि सिंहासनासारख्या खुर्चीवर मोबाईलचा चार्जर. मधली खोली म्हणजे जुन्या कादंबरीतली अभ्यासिका. तिथल्या पुस्तकांना हात लावला तर नुसत्या पाठी निघाल्या, फळीला चिकटवलेल्या. मावशीने हात मागे घेतला आणि तो पदराला पुसला.

"उद्या मासिकाचे लोक येतायत फोटो काढायला," सून म्हणाली. "चार महिने जिवाचं रान केलंय मी या घरासाठी. आणि नेमकी आत्ताच ही भानगड."

चोर म्हणजे ताईला सांभाळणारी सिस्टर. वह्या नाहीशा झाल्यावर सुनेने तिची पिशवी उघडून पाहिली. पिशवीत एक निळा कापडी पुठ्ठा निघाला, आतलं एकही पान नसलेला. सुनेने तिला तिथल्या तिथे घालवून दिलं.

"तिने काय सांगितलं?" मावशीने विचारलं.

"सांगायला तोंड होतं का तिला?"

भाऊजींनी मात्र नीट हिशोबशीर सांगितलं. रविवारी वही वाचली. सोमवारी ताईला तपासण्यांसाठी दवाखान्यात ठेवलं, तिथे ते आणि सिस्टर सोबत होते. बुधवारी संध्याकाळी परत आले तेव्हा ताई गुंगीत होती. गुरुवारी खण उघडला. म्हणजे सोमवार ते बुधवार या तीन दिवसांत काय ते झालं.

"एक सांगू?" ते म्हणाले. "ती पाहुण्यांची खोली बघ जाऊन. एवढं एकच काम बरं झालंय. भिंतीवर जी लिपी आहे ना, तसली मी एका बंदरात पाहिली होती."

३

पाहुण्यांच्या खोलीला आता काफिल्याची खोली म्हणायचं होतं. जमिनीलगतच्या गाद्या, पितळी दिवे, उंटाच्या खोगिराचं बसणं. एका भिंतीला आडवा टेकवलेला प्रचंड आरसा, अजून फुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. त्याच्या समोरची सबंध भिंत जुन्या कागदांनी मढवलेली होती. चहाच्या रंगाची पानं, कडा जाळलेली, एकावर एक किंचित चढवून चिकटवलेली, वरून चकचकीत लाखेचा हात. पानांवर फिकट निळसर अक्षरं होती. कुठली ते मावशीला कळेना. ओळीच्या वर एक आडवी रेघ आणि अक्षरं तिला लोंबकळणारी. शिवाय प्रत्येक पानावर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेलेली एक तिरकी लाल रेघ.

"परदेशातून मागवलेत," सजावटकार म्हणाला. तिशीचा, केसांची शेंडी बांधलेला, स्वतःच्या कामावर फिदा. "वाळवंटातल्या व्यापाऱ्यांची पत्रं आहेत."

"काय लिहिलंय त्यात?"

"ते कोणाला कळतंय, मावशी? कळत नाही हीच तर गंमत आहे."

"आणि ही लाल रेघ?"

"काफिल्याची वाट असेल," तो बिनदिक्कत म्हणाला.

माणूस थापा मारतो आहे हे मावशीला समजलं, पण थापा मारणं हा त्याचा धंदाच होता, त्यामुळे नेमकी कुठली थाप कामाची ते कळायला मार्ग नव्हता. त्याने सांगितलेलं एवढंच तिने ध्यानात ठेवलं, की या खोलीत त्याची माणसं पहिल्यांदा मंगळवारी दुपारी आली.

सून मागे येऊन उभी राहिली होती. मावशीने तिला सरळच विचारलं, "भाऊजींनी बोटीवरून आणलेले लाकडी मुखवटे, शंख, ते पितळी होकायंत्र कुठे आहे?"

"भंगारात दिलं. सगळ्यांना सांगून दिलं," सून म्हणाली. "किडलं होतं, मावशी. त्याच्याऐवजी हे बघा, अगदी तसंच, पण नवं."

"वह्याही किडल्या होत्या?"

सुनेचा चेहरा उतरला. "मी उद्धट आहे, माहीत आहे मला. पण त्या वह्यांना मी हात लावला नाही. लावला असता तर तुमच्या तोंडावर सांगितलं असतं."

मावशीला ते खरं वाटलं, आणि खरं वाटल्याचा राग आला. सून दोषी निघाली असती तर सगळं किती सोपं झालं असतं.

भाचा, म्हणजे भाऊजींचा मुलगा, त्याच्या टेबलाशी उत्तरपत्रिका तपासत होता. कॉलेजात बावीस वर्षं शिकवत होता. पन्नाशी आली होती, कपाळ अगदी बापासारखं मागे गेलं होतं. बोलताना हात थांबत नव्हता. मार्क, सही, रेघ, पान उलट. मार्क, सही, रेघ.

"सोमवार-मंगळवार मी कॉलेजात होतो," तो म्हणाला. "सिस्टरला पोलिसांत देऊ नका एवढंच माझं म्हणणं आहे. गरीब बाई आहे. गेल्या त्या गेल्या."

"तुझ्या आईचं काय?"

"आईला काय कळतंय, मावशी?" त्याने पुढचा गठ्ठा ओढला. "मी रोज सकाळी तिच्यासमोर जाऊन बसतो. ती मला मीटर वाचायला आलेला माणूस समजते."

४

सिस्टरचं घर दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर होतं. तिने दार अर्धंच उघडलं.

"पुठ्ठा मी घेतला," ती म्हणाली. "मंगळवारी सकाळी आजींचे कपडे न्यायला दवाखान्यातून घरी आले होते. दाराबाहेर कचऱ्याची पिशवी होती. त्यात नऊच्या नऊ पुठ्ठे, नुसते. आतली पानं काढलेली, दोरा कापून, अगदी स्वच्छ. मला वाटलं, घरच्यांनी टाकलं म्हणजे टाकलं. पण आजोबांना कधी आठवण झाली तर एक असावा म्हणून उचलला."

"मग सांगितलं का नाही?"

"विचारलं कोणी? पिशवी उलटी केली, पुठ्ठा दिसला, जा म्हणाल्या. तीन वर्षं त्या बाईंचं अंग पुसलंय मी. माझी बाजू ऐकायला दोन मिनिटं नव्हती कोणाकडे."

"मी त्यांना सांगते. तू परत येशील?"

"नाही," सिस्टर म्हणाली. "तुम्ही आलात, बरं वाटलं. पण नाही येणार." आणि तिने दार लावून घेतलं.

मावशी जिने उतरताना विचार करत होती. पुठ्ठे मंगळवारी सकाळीच कचऱ्यात होते. सजावटकाराची माणसं दुपारी आली. भाऊजी आणि ताई दवाखान्यात. म्हणजे दोरा कापणारा हात घरातलाच, आणि त्या घरात तेव्हा दोनच माणसं राहत होती. पुठ्ठे टाकले, पानं मात्र टाकली नाहीत. तीनशे साठ पानं कोणी जपून वेगळी करतं ते कशासाठी?

परत आली तेव्हा काफिल्याच्या खोलीत आरशावरचं प्लॅस्टिक नुकतंच निघालं होतं. सजावटकार काच पुसत होता. मावशी थकून खोगिरावर टेकली. समोर आरशात तिचाच ओढलेला चेहरा होता, आणि चेहऱ्यामागे ती कागदांची भिंत. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

आरशातल्या भिंतीवर लिहिलेलं होतं, ‘इथे सकाळी मासळीच्या होड्या येतात आणि बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहूनच भाव ठरवतात. तू असतीस तर तूही उतरली असतीस.’

५

"तुम्ही पानं उलटी चिकटवलीत," मावशी म्हणाली.

सजावटकाराचा फडका काचेवरच थांबला.

"शाईची बाजू भिंतीकडे, कोरी बाजू बाहेर. भाऊजी टाकाने लिहायचे. वहीचा कागद पातळ, शाई मागे उतरायची, म्हणून ते एकाच बाजूला लिहायचे. तुम्ही पानं चहात भिजवलीत, शाई आणखी उतरली, आणि मागून उलटी अक्षरं दिसायला लागली. ज्याने लिहिलं त्यालाही ती परकी वाटली. त्यांनी कौतुक केलं तुमचं."

"मराठी दिसल्यावर काफिला कुठला उरतो?" सजावटकार पडेल आवाजात म्हणाला. "माणूस वाचायला लागतो ना. मंगळवारी आलो तर गठ्ठा इथे खोलीत ठेवलेला होता, दोरीने बांधून. जुने कागद असले तर काढून ठेवा असं मी नवराबायको दोघांनाही सांगितलं होतं. रद्दी म्हणूनच दिलीय असं वाटलं. कोणी ठेवला ते देवाशप्पथ माहीत नाही. बोभाटा झाल्यावर सगळं लक्षात आलं, पण तोवर लाख चढवून झाली होती."

"निघतील?"

"तुकडे निघतील," तो म्हणाला.

मावशीने भिंतीजवळ जाऊन एका लाल रेघेवर नख फिरवलं. लाखेखाली होती, चहाच्याही खाली. म्हणजे पानं सजावटकाराच्या हाती पडण्याआधीच मारलेली. प्रत्येक पानावर, आणि फक्त कोऱ्या बाजूला. आरशात अक्षरांच्या मागे ती पुन्हा पुन्हा दिसत होती, एकाच हाताने, एकाच उतारावर, तीनशे साठ वेळा.

लिहिलेल्या पानाला सोडून कोऱ्या पानाला कोण रेघ मारतं? ज्याला कोरं पान राहून गेलेलं चालत नाही तो. हे पान मी पाहिलं, इथे काही नाही, मागाहून कोणी काही घुसडू नये, म्हणून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात लाल रेघ. बावीस वर्षं दर परीक्षेला हेच केलं की हात आपोआप ते करतो. डोळे वाचत असतात, मन भलतीकडे असतं, आणि हात रेघ मारून मोकळा होतो. सुनेने गठ्ठा उचलून दिला असता. पान न् पान वाचत बसली नसती.

मावशी तिथेच गादीवर बसली. या भाच्याला तिने अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

६

शनिवारी मासिकाचे लोक दरबारात दिवे लावत होते तेव्हा मावशीने भाच्याला काफिल्याच्या खोलीत बोलावलं आणि दार ओढून घेतलं. काही न बोलता तिने एका रेघेवर बोट ठेवलं. त्याने ते पाहिलं आणि त्याला सांगावं लागलं नाही.

"पेपर तपासलास," ती म्हणाली. "आणि नापास केलंस."

तो गादीच्या कडेला टेकला. मग म्हणाला, "वाईट मनात नव्हतं, मावशी. सोमवारी रजा काढून वाचायला बसलो. आई हे ऐकून बाबांना ओळखते. मला वाटलं, माझ्याबद्दलही कुठेतरी असेलच ना. ते पान शोधावं आणि मी तिला वाचून दाखवावं. एखादे वेळी मलाही ओळखेल." त्याने भिंतीकडे हात केला. "तीनशे साठ पानं. एका बंदरातल्या माकडावर दोन पानं आहेत. माझा जन्म झाला त्या महिन्याचं पान आहे, त्यात वाऱ्याचं वर्णन आहे. माझ्यावर एक ओळ नाही."

"म्हणून पानं कापून इथे आणून ठेवलीस, आणि आईचा अर्धा तास काढून घेतलास?"

"त्यांचा काढून घेतला," भाचा म्हणाला. "आईचा विचार मी केला नाही. खरंच नाही केला."

"आणि सिस्टरला चोर ठरू दिलंस."

भाच्याने चष्मा काढून पुसला.

ओढून घेतलेलं दार उघडलं होतं. भाऊजी केव्हा येऊन उभे राहिले होते कोण जाणे. मावशीला वाटलं आता हात उगारतील, निदान शिव्या तरी देतील. ते आत आले, आरशात पाहिलं, भिंत पाहिली, आपलं अक्षर पाहिलं. मग मुलाकडे वळले.

"काय लिहिणार होतो तुझ्याबद्दल?" ते म्हणाले. "मला तू माहीत कुठे होतास? घरी यायचो तेव्हा तू पलंगाखाली लपायचास. वारा माहीत होता, म्हणून वाऱ्यावर लिहिलं."

ही माफी होती की आरोप, ते मावशीला कळलं नाही. भाच्यालाही कळलं नसावं.

तीन वाजत आले होते. भाऊजी म्हणाले, "तिला आणा इथे." बाहेर सून मासिकवाल्यांना थोपवून धरत होती, पहिल्यांदाच तिने कारण विचारलं नाही. भाच्याने आईची चाकांची खुर्ची ढकलत आणली आणि आरशासमोर उभी केली. भाऊजी शेजारी उभे राहिले आणि आरशात बघून वाचू लागले. म्हाताऱ्या डोळ्यांना ते अक्षर पुसट होतं. ते अडखळले, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळले. ताईने त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि अंग चोरून घेतलं.

"तू वाच," भाऊजी मुलाला म्हणाले. "तुझे डोळे चांगले आहेत."

भाचा खुर्चीमागेच उभा राहिला. "इथे सकाळी मासळीच्या होड्या येतात," त्याने वाचलं. वाचण्याची लय त्याच्या बापाचीच होती, हे इतक्या वर्षांत कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तिसऱ्या ओळीला ताईने मान वर केली. आरशात तिला खुर्चीमागे उभा असलेला माणूस दिसला, पन्नाशीचा, मागे गेलेल्या कपाळाचा, चष्मा लावलेला. तिचा चेहरा पालटला.

"कधी आलात?" ती मुलाला म्हणाली.

भाचा वाचायचा थांबला. त्याने बापाकडे पाहिलं. भाऊजींनी मान हलवली, वाच म्हणून.

"आत्ताच आलो," तो म्हणाला.

"किती वाट पाहायची माणसाने," ताई म्हणाली, आणि मागे हात नेऊन तिने त्याचा हात धरला. त्याने पुढे वाचलं. एका जागी लाखेखाली शाई पसरली होती आणि शब्द लागेना. भाऊजींनी तो शब्द हळूच पाठ सांगितला. तेव्हा ताईने आरशातच त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"हे कोण?"

मावशी म्हणणार होती, सांग तिला, आता तरी सांग. पण ताईच्या मुठीत मुलाचा हात होता, आणि तो हात पन्नास वर्षांत पहिल्यांदा तिने असा धरला असेल असं त्याच्या तोंडावरून वाटत होतं.

"माझ्याबरोबर बोटीवर असतात," भाचा म्हणाला.

"मग उभं का ठेवलंत त्यांना?" ताई म्हणाली, आणि परक्या माणसासमोर करतात तसा तिने पदर सारखा केला. "बसा ना. आपलंच घर समजा."

भाऊजी खोगिरावर बसले, आणि मुलाने पुढची ओळ वाचायला घेतली.